एकशेवीस तासांची वही

गेल्या डिसेंबरात बोईसर स्टेशनच्या पुलावर एक ओळखीची मुलगी भेटली. किनाऱ्यावरच्या गावातली, मच्छीमाराच्या घरातली, एम.एस्सी. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला असलेली. म्हणाली, "काका, आम्हाला ओजेटी करायचीय. वर्गातली निम्मी मुलं एमआयडीसीतल्या लॅबमध्ये चाललीत. मला समुद्रावर काम करायचंय. कुठे जाऊ?"

मी तिला मुंबईतल्या एका सागर-संवर्धन संस्थेचे नाव सुचवले. तिने अर्ज केला, निवडही झाली. पंधरा दिवसांनी ती पुन्हा भेटली तेव्हा चेहरा उतरलेला होता. रोज बोईसरहून लोकलने जाऊन-येऊन पाच तास मोडत होते, विद्यावेतन नव्हते आणि कार्यालयात बसून समाजमाध्यमांसाठी माशांची चित्रे आणि घोषवाक्ये तयार करण्याचे काम होते. त्या मंडळींना मी दोष देत नाही. लहान संस्थांना प्रसिद्धी लागतेच आणि नवशिक्याला लगेच किनाऱ्यावर सोडता येत नाही. पण तिने विचारलेला प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नाही. "काका, माझ्या घरासमोर समुद्र आहे. त्याचं संवर्धन शिकायला मी अडीच तास रेल्वेत का बसते?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले ते या लेखात मांडतो आहे. माझे शिक्षण प्राणिशास्त्राचे नाही. पंचवीस वर्षे कारखान्यात पाळीत काम केले, उरलेल्या वेळात वाचनालयात आणि बंदरावर बसून शिकलो. त्यामुळे मी जे सांगतो ते कोणाही विद्यार्थ्याला जमण्यासारखे आहे, एवढी खात्री बाळगावी.

एकशेवीस तास म्हणजे किती?

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षी कार्यप्रशिक्षण किंवा क्षेत्रप्रकल्प आहे. त्याला ४ श्रेयांक आहेत. एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे एकूण १२० तास. रोज आठ तास धरले तर पंधरा दिवस झाले.

पंधरा दिवसांत समुद्र वाचवता येत नाही, हे उघड आहे. मग या काळात विद्यार्थ्याने करायचे काय? माझे उत्तर असे की, एक गोष्ट, एकाच पद्धतीने, एकाच जागी मोजायची आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला ती तशीच मोजता येईल अशा रीतीने वहीत लिहून ठेवायची. सागर-संवर्धनाचा पाया हाच आहे. बाकीचे सारे, म्हणजे मोहिमा, कायदे, न्यायालये, त्या नोंदीवर उभे राहते.

जगातले उदाहरण घ्या. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर दोन बायांनी पुढाकार घेऊन सुमारे २,८०० माणसे गोळा केली आणि कचरा उचलला. कचरा त्याआधीही उचलला जात होता. यांनी वेगळे इतकेच केले की, उचललेली प्रत्येक वस्तू कागदावर मांडली. बाटल्या किती, झाकणे किती, दोऱ्या किती, हे लिहिले. त्यातूनच सप्टेंबरातल्या तिसऱ्या शनिवारी होणारी आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता मोहीम उभी राहिली. आपल्याकडे त्या दिवशी झाडू आणि हातमोजे येतात, छायाचित्रे निघतात. मोजणीचा कागद मात्र बहुधा कोणाच्या हातात नसतो. दुसऱ्या दिवशी किनारा स्वच्छ दिसतो, पण कचरा कुठल्या प्रकारचा होता आणि कुठून आला हे कोणालाच सांगता येत नाही.

पहिला धडा घड्याळाचा

त्या मुलीने मुंबईचे काम सोडले आणि महाविद्यालयाच्या परवानगीने आपल्याच किनाऱ्यावर क्षेत्रप्रकल्प घेतला. पहिल्या दिवशी ती सकाळी दहाला चौकट आणि दोरी घेऊन खडकांवर गेली, तर खडक पाण्याखाली! तिच्या आजीने घरी आल्यावर विचारले, "आज तिथी कोणती, बघितलीस का?"

आपल्या किनाऱ्यावर भरतीचा हिशेब तिथीवर चालतो. तिथीला पाऊणने गुणावे, येईल ती भरतीची ठोकळ वेळ. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण, म्हणजे पावणेचार. त्यानंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी. दोन्ही पक्षांत हिशेब तोच. याचे कारण चंद्र. तो रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत येतात आणि उधाण येते. तेव्हा पाणी जितके वर चढते तितकेच खोलवर ओसरते. अष्टमीच्या सुमारास भांग असते, तेव्हा पाणी ना धड चढते ना धड उतरते.

खडकांवरचे जीव मोजायचे तर खोल ओहोटी हवी आणि उजेडही हवा. पौर्णिमेची भरती साधारण सव्वाअकराची, म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाचला, अंधारात. पण उधाणाचा जोर पौर्णिमेनंतरही एक-दोन दिवस टिकतो. द्वितीयेची भरती दीडची, ओहोटी पावणेआठची. तृतीयेची ओहोटी साडेआठच्या सुमाराला. म्हणून प्रतिपदा ते तृतीया हे दिवस मोजणीला उत्तम. नेमकी वेळ छापील भरती-तक्त्यातून घ्यावी, पण महिन्याचा बेत आखायला आजीचे गणित पुरते.

यातून तिच्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळाले. पावणेआठच्या ओहोटीला पाण्याच्या कडेला सव्वासातलाच उभे राहावे लागते. मुंबईहून येणाऱ्याला ते अवघड आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला फक्त घरातून बाहेर पडायचे असते.

सरंगा कुठून कुठपर्यंत मोजायचा?

दुसरे काम बंदरावरचे. सातपाटी ही पापलेटची, आपल्या बोलीत सरंग्याची, प्रसिद्ध बाजारपेठ. ४ सप्टेंबर २०२३ रोजी सरकारने पापलेटला राज्यमासा म्हणून जाहीर केले. सातपाटीच्या मच्छीमार सहकारी संस्था त्यासाठी आग्रही होत्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात पन्नासहून अधिक जातींसाठी किमान कायदेशीर आकारमान ठरले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर, बोंबलासाठी १८० मिलिमीटर. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये, असा नियम आहे.

कारण सरळ आहे. माशाने एकदा तरी अंडी टाकल्याशिवाय तो जाळ्यात गेला, तर पुढची पिढी येणार कुठून? पालघरच्या किनाऱ्यावर हा वाद जुना आहे. सातपाटी-डहाणूकडचे मच्छीमार गलबते घेऊन तरत्या जाळ्यांनी सरंगा धरतात. त्या जाळ्यांचे आस मोठे असले की पिल्ले सुटून जातात. डोल जाळी खुंटांना, म्हणजे कवींना, बांधलेली असतात. त्यांच्या टोकाचे आस बारीक, त्यामुळे प्रवाहाबरोबर आलेले लहान-मोठे सगळे त्यात अडकते. वसई-उत्तनच्या कवी किती उत्तरेला याव्यात, यावरून वर्षानुवर्षे बैठका आणि भांडणे होत आली आहेत. दोन्हीकडे पोटाचाच प्रश्न आहे. पण या वादात दोन्ही बाजू जे बोलतात ते आठवणीवर बोलतात. कोणत्या जाळ्यात, कोणत्या महिन्यात, किती टक्के पिल्ले आली, हे बंदरावर बसून कोणीतरी लिहायला हवे.

मुलीने एका सकाळी चाळीसेक सरंगे मोजून आणले. वही दाखवली. मी विचारले, "लांबी कुठपर्यंत घेतलीस?" काही शेपटीच्या टोकापर्यंत होते, काही शेपटीच्या खाचेपर्यंत. मदतीला आलेल्या भावाने एका पद्धतीने मोजले होते, हिने दुसऱ्या. सरंग्याची शेपटी खोल दुभंगलेली आणि तिची खालची पाकळी लांब. त्यामुळे दोन मापांत चांगलाच फरक पडतो. खाचेपर्यंत मापला तर मासा नियमात बसणार नाही आणि टोकापर्यंत मापला तर बसेल, असेही होऊ शकते. कोणता आकडा कोणत्या पद्धतीचा, ते वहीत नव्हते. सकाळचे सगळे काम वाया गेले.

तिला रडू आले. मी म्हटले, "ही तुझी खरी ओजेटी. पहिल्या पानावर मोजण्याची पद्धत लिही, चित्र काढ, मग आकडे लिही." दुसऱ्या दिवशी तिने फळीवर मोजपट्टी ठोकली. एका टोकाला आडवी पट्टी, तिला माशाचे तोंड टेकवायचे. दोन्ही लांबी घ्यायच्या, दोन रकान्यांत लिहायच्या. शिवाय जाळ्याचा प्रकार, आसाचे माप, तिथी, आणि नाव किती तास बाहेर होती तेही.

आणखी एक खबरदारी. ओळखीच्या काकांची नाव आली की तीच मोजायची, असे करून चालत नाही. कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून देशभरच्या बंदरांवर माशांच्या नोंदी घेते. तीसुद्धा प्रत्येक नाव मोजत नाही. महिन्याचे दहा-दहा दिवसांचे भाग पाडून, दिवस आणि नावा नियमाने निवडून मोजते आणि त्यावरून एकूण अंदाज काढते. विद्यार्थ्यानेही आधीच ठरवावे, की येणारी दर पाचवी नाव मोजेन. मग ती कोणाचीही असो, भरलेली असो वा रिकामी. रिकामी आलेली नाव हीसुद्धा नोंद आहे.

कासव सापडले तर

पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यावर जखमी कासवे वाहून येतात. कोणाचा पर जाळ्याच्या तुकड्यात अडकून कापलेला, कोणी तरंगत राहते, बुडीच मारू शकत नाही. समुद्रात तुटून राहिलेली जाळी वर्षानुवर्षे जीव अडकवत फिरतात. डहाणूला वन विभाग आणि डब्ल्यूसीएडब्ल्यूए ही स्वयंसेवी संस्था मिळून सागरी कासवांचे उपचार केंद्र चालवतात. जिल्ह्यातील सागर-संवर्धनाचे हे सर्वांत डोळ्यांत भरणारे काम आहे.

विद्यार्थ्यांना ते पाहून उत्साह येतो आणि तिथेच चूक होते. कासव वाळूवर दिसले की लोक कळवळून त्याला पाण्यात ढकलतात. पण कासवाला श्वास हवेतून घ्यावा लागतो. ते अशक्त असेल तर पाण्यात बुडून मरते. सागरी कासवे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणून घरी नेणेही गुन्हा. त्याला सावलीत ठेवावे, गर्दी आणि कुत्री दूर ठेवावीत, अंगावर ओले कापड टाकावे, नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवाव्यात आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. विद्यार्थ्याचे काम दिवस, जागा, जात, पाठीच्या कवचाची लांबी आणि अंगावरच्या जाळ्याचा प्रकार लिहिणे.

मच्छीमारांनाही एक गोष्ट सांगावी. जाळ्यात संरक्षित जीव अडकला आणि त्याला सोडवण्यासाठी जाळे कापले, तर डिसेंबर २०१८ पासूनच्या सरकारी योजनेत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे छायाचित्र किंवा चित्रफीत लागते, म्हणजे तिथेही नोंदच लागते.

नवापूरचे पाणी

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात सोडले जाते. त्याबद्दल मच्छीमार समाजाची तक्रार कित्येक वर्षांची. अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभराहून अधिक उद्योगांवर कोट्यवधी रुपयांची भरपाई बसवली. मी स्वतः त्या वसाहतीच्या पगारावर घर चालवले, त्यामुळे कारखाने नकोत असे म्हणण्याचा मला अधिकार नाही. पण इतके दिसले, की "पाण्याला वास येतो, मासे मरतात" या वाक्याला न्यायाच्या दारात वजन तेव्हाच येते, जेव्हा त्याच्या पाठीशी तारखेसह पाण्याच्या नमुन्याचे आकडे असतात.

असा एक आकडा महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही काढता येतो, तो पाण्यातल्या विरघळलेल्या प्राणवायूचा. व्यापारी मासेमारीच्या समुद्री पाण्यात तो लिटरला किमान ४ मिलिग्रॅम असावा, असा केंद्रीय निकष आहे. हंगेरीच्या विंकलर या रसायनशास्त्रज्ञाने १८८८ साली मांडलेली रीत आजही शिकवतात. बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि किनाऱ्यावरच तिच्यात मँगनीज सल्फेट व अल्कली आयोडाइडचे द्रावण घालायचे. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पुढचे अनुमापन प्रयोगशाळेत. बाटली तशीच बॅगेत टाकून दुपारी प्रयोगशाळेत नेली तर वाटेतच पाण्यातले सूक्ष्मजीव प्राणवायू संपवतात आणि आकडा खोटा येतो. कारखान्यावर नसलेला दोष ठेवणारी नोंद ही दोष झाकणाऱ्या नोंदीइतकीच वाईट.

आजीचे ताट

मुलीने एके दिवशी आजीची मुलाखत घेतली. आजीने चाळीस वर्षे बोईसरच्या बाजारात मासे विकले. म्हणाली, "आमच्या वेळी सरंगा ताटाएवढा यायचा." मुलीने वहीत लिहिले, ताटाएवढा. मी विचारले, "कुठलं ताट?" घरात शोधले तर ते जुने पितळी ताट माळ्यावर होते. तिने ते मोजपट्टीच्या फळीवर ठेवले. आठवण म्हणजे पुरावा नव्हे, आठवणीत मासे वाढतातच. पण हवेत असलेल्या शब्दाला निदान एक माप मिळाले. मग तिने आजीला फळीवरचे वेगवेगळे सरंगे दाखवून विचारले, तुझ्या टोपलीत यातले कोणते जास्त असायचे? आजीने नेहमीचा म्हणून जो दाखवला, त्याला नातीने आपल्या वहीत "मोठा" म्हटले होते.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ साली एका छोट्या लेखात हाच प्रकार सांगितला. प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी पाहिलेला समुद्र हाच खरा समुद्र समजते आणि घट तिथून मोजते. पुढची पिढी त्याहून रोडावलेल्या समुद्रापासून मोजायला लागते. तुलनेची रेषाच अशी खाली सरकत जाते आणि किती गेले हे कोणालाच कळत नाही. आजी आणि नातीच्या "मोठा" या शब्दात ती सरकलेली रेषा होती.

आपल्या जिल्ह्यात हे आज विशेष निकडीचे झाले आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजी वाढवण बंदराची पायाभरणी झाली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी, आणि समुद्रात भराव घालून जमीन तयार होणार आहे. वाढवणसमोर शंखोदराचा खडक आहे. लोकांची तिथे श्रद्धा आहे, आणि शेवंड, घोळ यांसारख्या मोलाच्या मासळीसाठी हा पट्टा मच्छीमार जपत आले आहेत. बंदर व्हावे की नाही, यावर या पट्ट्यात घरोघरी दोन मते आहेत. इथे तो वाद मी घालत नाही. पण बंदर झाल्यावर वरोर, चिंचणी, दांडी, मुरबे, सातपाटी येथे काय बदलले, हे उद्या दोन्ही बाजूंना विचारले जाईल. तेव्हा "आधी काय होते" याची आपल्या हाताने केलेली नोंद नसेल, तर दुसऱ्याने केलेली नोंद मान्य करावी लागेल. आधीची मोजणी नंतर करता येत नाही.

वही पुढे कोणाकडे?

रत्नागिरी जिल्ह्यातले वेळास आज कासवांसाठी ओळखले जाते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे काम सुरू केले. घरटी शोधून, अंडी जपून, पिल्ले समुद्रात सोडताना दरवर्षी नोंद झाली. पहाटे किनारा चालणारे गावातलेच लोक होते. संस्थेने पद्धत दिली, गावाने पाय दिले. सातत्य दोघांमुळे आले.

पालघरला हे करायला फारसा पैसा लागत नाही. महाविद्यालयाने एक किनारा, एक बंदर आणि तीन मोजण्या ठरवाव्यात. उदाहरणार्थ खडकावरची चौकट, सरंग्याची लांबी आणि कचऱ्याची यादी. दरवर्षी दोन-तीन विद्यार्थ्यांनी आपले १२० तास त्याच मोजण्यांना द्यावेत. वही विद्यार्थ्याची नसून विभागाची असावी, आणि तिची एक प्रत मच्छीमार संस्थेत ठेवावी, कारण ज्यांचा मासा मोजला त्यांना आकडा कळलाच पाहिजे. मुंबईच्या संस्थांनी विद्यार्थ्यांना कार्यालयात बोलावण्याऐवजी पद्धत शिकवायला एक माणूस इकडे पाठवावा आणि जमल्यास जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. मच्छीमाराची मुलगी फुकट काम करू शकत नाही म्हणून समुद्राच्या कामातून बाहेर राहावी, यासारखी विसंगती नाही.

मुलीचा प्रकल्प मार्चमध्ये जमा झाला. एकशेवीस तासांतून निष्कर्ष म्हणावा असे काही निघाले नाही आणि तिनेही तसे प्रामाणिकपणे लिहिले. शेवटच्या पानावर मात्र तिने मोजपट्टीच्या फळीचे चित्र, खडकावरच्या चौकटीची जागा, निवडलेल्या तिथी आणि दर पाचव्या नावेचा नियम सविस्तर लिहून ठेवला आहे. फळी तिने विभागात नेऊन दिली. आता दिवाळीनंतर नवी तुकडी ओजेटीसाठी जागा शोधू लागेल. तिने विभागप्रमुखांना सांगून ठेवले आहे, की जो कोणी येईल त्याला पहिल्या ओहोटीला मी सोबत घेऊन जाईन. कार्तिक पौर्णिमेनंतरची तृतीया तिने कॅलेंडरवर आताच खूण करून ठेवली आहे.